अंगारा धुतलेलं पाणी

माझ्या गावच्या देवीनं मला एकदा उत्तर दिलं नाही. ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही, कारण आमच्याकडे देवी बोलली नाही म्हटलं की लोक त्या माणसाकडे वेगळ्याच नजरेनं बघतात. आता वय झालं. माझं शिक्षण दुसरीपर्यंतचं, तेव्हा लिहिण्यात चुका असतील, पण घडलं त्यात पदरचं काही नाही.

मी नाटे गावाकडचा. मचव्यावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीवर, तांडेल होतो. कौलं, नारळ, सुकी मासळी, जे मिळेल ते भरायचं आणि रत्नागिरीला मांडवीच्या धक्क्याला लावायचं. तीस सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. मांडवीला मचवा लावताना दोर सुटला आणि लोखंडी नांगर माझ्या डाव्या पायावर आला. बोटं चेचली. मी हळद-चुना बांधला आणि माल उतरवून घेतला. तांडेल बसला तर खलाशी निजतात. पण पुढं पाय सुजला, बोटं काळी पडली, ताप चढला, आणि माझा धाकटा भाऊ भिवा यानं मला पाठीवर घालून सरकारी इस्पितळात नेऊन टाकलं. मी नको म्हणत होतो. माझं न ऐकण्याची त्याची ती पहिलीच वेळ.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि सरळ सांगितलं, की काळेपणा घोट्याच्या वर चढला तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल. एका पायाचा तांडेल कुणी पाहिलाय? डोलत्या फळीवर उभं कसं राहायचं, सुकाणू कसं धरायचं? मी म्हटलं, देवीचा कौल घेतल्याशिवाय मी पायाला हत्यार लावू देणार नाही. डॉक्टर चिडले. मी तोंड भिंतीकडे केलं. शेवटी भिवा कौल घ्यायला मचवा घेऊन गावी गेला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गुरव देवीच्या पाषाणावर ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवा कळा पडला की होय, डावा पडला की नाही. लग्न, विहीर, नवा मचवा, सगळं असं विचारून. माझ्या आयुष्यात कौल हुकला नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो.

भिवा येईपर्यंत मी पडून होतो आणि पडल्या पडल्या एकाच माणसाला बघत होतो, ती म्हणजे तिथली नर्स, गंगूबाई. देवरुखाकडची, लहानपणीच नवरा गेलेला, इस्पितळातच काम शिकलेली. सकाळी आली की खाटेखाटेवर तापाची नळी लावायची, आकडा पाटीवर मांडायची, नाडी बघायची. ज्यांना उठता येत नाही त्यांचं अंग पुसायची, भांडं द्यायची, भांडं उचलायची, चादर ओढून सारखी करायची. पेज भरवायची. माझा पाय औषधाच्या लाल पाण्यानं धुवायची आणि नवी पट्टी बांधायची. बाईमाणसानं माझ्या पायाला हात लावलेला मला चालत नव्हता. पहिल्या दिवशी मी पाय आखडून घेतला. शेजारच्या खाटेवर आंब्यावरून पडलेला एक बागवाला होता, कंबर बांधलेली पण जीभ मोकळी. तो म्हणाला, "तांडेल, सोडा पाय. मचव्यावर तुम्ही, इथली तांडेल ती."

मी तिला रोज विचारायचो, "बाई, पाय राहील की जाईल?"

"ते डॉक्टर ठरवतील," ती म्हणायची.

"तुम्ही रोज बघताय. तुम्हाला कळत असेल."

"मी बघते ते डॉक्टरांना सांगते. माझं काम धुवायचं आणि सांगायचं. ठरवायचं काम माझ्याकडे नाही, आणि नाही तेच बरं आहे."

मला तिचा राग यायचा. जन्मभर मी ठरवत आलो होतो. वारा कुठला, शीड किती, निघायचं कधी. ठरवायचं नसलेला माणूस मला अर्धा वाटायचा.

भिवा आला तो तोंड पाडून. म्हणाला, "दादा, कळे पडलेच नाय. गुरवान सकाळपासून दुपारपर्यंत गाऱ्हाणं घातलान. डावा नाय, उजवा नाय. देवी बोललीच नाय." मी म्हटलं, "तू नीट उभा नसशील." तो म्हणाला, "मी रडत उभा होतो." पायाची काळजी होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी आत खचलं. 'होय' नाही, तर निदान 'नाही' तरी म्हणायचं. माझ्यासारख्याला तिनं वाऱ्यावर सोडावं?

गुरवानं अंगाऱ्याची पुडी मात्र दिली होती. भिवा ती पट्टीवर सोडायला लागला, तशी गंगूबाई धावत आली.

"तिथं नाही. कपाळाला लावा, जिभेवर ठेवा, उशाखाली ठेवा. जखमेत नाही."

भिवा म्हणाला, "देवीचो अंगारो आसा, माती नाय!"

"मी माती म्हटलं नाही. कपाळ त्यांचं आहे. जखम माझ्याकडे आहे."

भिवानं माझ्या कपाळाला बोट लावलं आणि पुडी माझ्या हातात देऊन धक्क्यावर गेला. पण मी हट्टी. गंगूबाई दुसऱ्या दालनात गेलेली पाहून मी पट्टी सैल केली आणि उरलेला सगळा अंगारा आत सोडला. बागवाला बघत होता. "आता तुमची आणि तिची लढाई," एवढंच म्हणाला आणि कुशीवर वळता येत नसल्यानं त्यानं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पट्टी सोडली. राखाडी चिखल झाला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिला ओरडायचं असेल तर ओरडू दे, मी तयार होतो. ती म्हणाली, "हे मी डॉक्टरांना सांगणार. सांगावंच लागतं." मी म्हटलं, "सांगा." मग तिनं पाय धुवायचं रोजचं तसराळं बाजूला सारलं, दुसरं एक स्वच्छ तसराळं आणलं आणि नुसत्या उकळून निववलेल्या पाण्यानं अंगारा धुवायला लागली. खूप वेळ धुतलं. कापसाचे बोळे करून एकेक बोटाच्या बेचक्यातून कण काढले. मला दुखत होतं, पण मी हूं केलं नाही. ते पाणी तिनं झाकून खाटेखाली ठेवलं. मी समजलो, डॉक्टरांना दाखवायला पुरावा ठेवलाय. मग रोजचं तसराळं ओढून लाल पाण्यानं पुन्हा धुतलं, पट्टी बांधली, आणि लाल पाणी नेहमीसारखं मोरीत ओतून आली.

डॉक्टर आले. तिनं जे होतं तेवढंच सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. डॉक्टर मला बोलायचं ते बोलले. तसराळं मात्र तिनं बाहेर काढलं नाही.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर तिनं ते उचललं आणि बाहेर निघाली. माझ्या खाटेजवळच खिडकी होती. मोरी दाराशेजारी, पण ती मोरी ओलांडून गेली. आवाराच्या कडेला सुरंगीचं एक झाड होतं, तिथपर्यंत उन्हातून चालत गेली, वाकली, आणि ते पाणी झाडाच्या बुंध्याशी सावकाश ओतलं. नमस्कार वगैरे काही केला नाही. कुणी बघतंय का तेही पाहिलं नाही. तसराळं घेऊन परत आली आणि बागवाल्याला भांडं द्यायला लागली.

मी बराच वेळ त्या झाडाकडे बघत होतो. बुंध्याशी ओलं दिसत होतं, मग उन्हानं तेही दिसेनासं झालं. ती पेज घेऊन आली तेव्हा मी विचारलं, "तिथं का ओतलंत?"

ती म्हणाली, "देवीचं होतं ना ते? मग मोरीत कसं टाकू? आणि जखमेत कसं ठेवू?"

पेज भरवून ती पुढं गेली. मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. कुणी म्हणेल देवी दिसली. तसं काही दिसलं नाही. पण देवीनं मला सोडलेलं नाही, हे मला त्या घासाबरोबर कळलं. माझ्या पायाशी रोज कुणीतरी बसत होतं, ठरवत काहीच नव्हतं, आणि हातातलं काही सोडतही नव्हतं. ती पुन्हा माझ्या खाटेशी आली तेव्हा मी म्हटलं, "बाई, डॉक्टरांना सांगा, काय कापायचं ते कापा. मी आता विचारत नाही." तिनं मान हलवली. "सांगते," म्हणाली.

भूल देऊन मला नेलं. मी जागा झालो तेव्हा आधी हातानं गुडघा चाचपला, मग खाली घोटा. पाय होता. दोन बोटं आणि मेलेलं मांस गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, काळेपणा घोट्याशी येऊन थांबला. का थांबला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कुणी म्हणेल अंगाऱ्यानं, कुणी म्हणेल धुण्यानं. मला त्या वादात पडायचं नाही. अंगारा घातला ही चूक झाली असं मी आजही म्हणणार नाही. फार तर जागा चुकली म्हणा.

बरा होऊन निघालो तेव्हा मी गंगूबाईला नमस्कार करायला वाकलो. आयुष्यात मी फार कमी ठिकाणी वाकलोय. ती मागं सरली आणि म्हणाली, "अहो, पट्टी सुटेल. सरळ उभे राहा." बागवाला हसला आणि कंबर धरून कळवळला.

गावी गेलो तो काठी टेकत थेट देवळात. गुरव म्हणाला, "तांडेल, त्या दिवशीचं राहिलंय. आता कळे लावू? विचारायचं तर विचार." देवी तशीच होती, काळी, शांत, अंगावर पाण्याचे ओले ओघळ. मी म्हटलं, "नको. विचारायचं काही नाही." गुरवाला ते विचित्र वाटलं असावं.

वाटेत एका घरामागच्या परड्यातून सुरंगीची फुलं मागून घेतली होती. ती मी पायरीवर ठेवली, आठ बोटांवर नीट तोल सावरून उभा राहिलो, आणि मचव्याकडे निघालो.