नरहरीकाकांच्या स्कूटरवर तज्ज्ञांचं एकमत

रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या शेखर दाणीला "काय काम करता हो?" असं विचारायच्या फंदात आता कोणी पडत नाही. एकदा विचारलं की चहा गार होतो, समोसा कडक होतो, आणि विचारणाऱ्याला वाटतं, याच्या बापासारखा हाही रेल्वेत चिकटला असता तर केवढी सोय झाली असती. "रेल्वेत आहे" म्हटलं की विषय संपला. शेखरचं काम म्हणजे शहाण्या माणसांचं एकमत होतंय का हे पाहत बसणं. आता शहाण्यांचं एकमत होत असतं तर ते शहाणे कशाला राहिले असते? पण त्याला त्याचा पगार मिळतो, तेव्हा आपण कशाला बोलायचं.

तो एका संशोधन संस्थेत आहे. प्रयोग करून उत्तर मिळायला दहा वर्षं लागतील आणि निर्णय तर आजच हवाय, अशा वेळी तिथे जाणत्या लोकांना विचारतात. पण त्यांना एका खोलीत बसवलं तर सगळ्यात मोठा साहेब बोलतो आणि बाकीचे माना हलवतात. म्हणून त्यांची गाठच पडू देत नाहीत. प्रत्येकाला वेगळे प्रश्न पाठवायचे, आलेल्या उत्तरांवरची नावं झाकायची, सगळ्यांची मतं आणि कारणं सगळ्यांना परत दाखवायची आणि विचारायचं, हे वाचून तुमचं मत बदलतंय का? अशा दोन-तीन फेऱ्या. याला म्हणतात डेल्फी. नाव घेताना शेखरचा चेहरा सत्यनारायणाच्या पोथीपुढे बसल्यासारखा होतो.

सिकलसेलच्या रक्तविकाराचं दुखणं उठलं तर गावच्या दवाखान्यात आधी काय करावं, धानावर कीड किती पडेल, सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या लोखंडाच्या भट्टीपुढे मे महिन्यात माणसाला किती वेळ उभं ठेवावं, सगळ्याला डेल्फी. पण दर बिरादरीची तऱ्हा वेगळी. डॉक्टर मंडळी एका शब्दावर महिनाभर भांडतात. शेतीवाले हो-नाही म्हणतच नाहीत, एक आकडा देतात आणि पुढे "पाऊस बरा झाला तर" जोडतात. शिक्षणवाल्यांना प्रत्येक मुद्दा "अत्यंत महत्त्वाचा" वाटतो, त्यामुळे शेवटी काहीच गळत नाही. एकमत कशाला म्हणायचं तेही ज्याचं त्याचं. कोणाला सत्तर टक्के पुरतात, कोणाला ऐंशी हवेत. काही महाभाग तर उत्तरं हातात आल्यावर आकडा ठरवतात, आणि त्यांचं नाव निघालं की शेखर जेवता जेवता उठतो. त्याचा नेम पक्का. पंच्याहत्तर, आणि तोही आधी जाहीर करून.

एवढा कडक माणूस. पण शहाणपणाचं दुकान बाहेर चाललं की माणसाला त्याची शाखा घरी उघडावीशी वाटते.

झालं असं की शेखरचे वडील, नरहरीकाका, बूढ़ापाऱ्याच्या वळणावर स्कूटरसकट एका भाजीच्या ठेल्यात शिरले. कोपर सोललं, टमाटर शहीद झाले, बाकी सगळं शाबूत. काका रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. रोज सकाळी स्कूटरवर बूढ़ापाऱ्यात जायचं, तलावाकाठी दोस्तांशी बुद्धिबळ खेळायचं, हरायचं आणि घरी येऊन जिंकल्याचं सांगायचं, हा क्रम. स्कूटर गेली की हे सगळंच गेलं. म्हणून घरात कोणी किल्लीचा विषय काढला की काकांना ऐकू येणं बंद व्हायचं.

"बाबांना तोंडावर सांगणार कोण?" शेखरची बायको अनुश्री म्हणाली.

"सांगायचं कशाला?" शेखर म्हणाला. "पद्धतशीर विचारू."

त्याने फोनवर फॉर्म बनवला. तज्ज्ञ पाच: आई विजयाकाकू, अनुश्री, कॉलेजात जाणारी लेक गंधाली, बिलासपूरची बहीण राधिका आणि तिचा नवरा प्रफुल्ल. स्वतः शेखर मत देणार नव्हता, चालवणारा तटस्थ हवा. विधान एकच: बाबांनी स्कूटर चालवणं बंद करावं. हो की नाही?

नावं गुप्त. म्हणजे किती गुप्त? विजयाकाकूंना फोनवर टाइप करता येत नाही, त्यांनी ओट्यापाशी उभं राहून नातीला मजकूर सांगितला, आणि कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून सांगितल्यामुळे अर्ध्या कॉलनीला कळला.

"लिही, नाही. बंद करायची नाही."

"आजी, धीरे बोलो ना, ये सीक्रेट है!"

"सीक्रेट काहून? मी काय चोरी करून राहिली?"

बाकी चौघांचं उत्तर हो. ऐंशी टक्के. शेखरने रात्री जेवताना निकाल सांगितला, आवाज अगदी ऑफिसातला. काकांनी भाताचं आळं मोडलं, वरण ओतून घेतलं, मग मान वर केली.

"मले कोणी विचारलं?"

"बाबा, तुमी कसे असाल त्यात? तुमी विषय आहात. तज्ज्ञ नाही."

"असं? आणि तुह्या त्या डॉक्टरांच्या पंगतीत सिकलसेलवाली बाई बसली, ते तूच सांगत होता ना मले? ती कुठची तज्ज्ञ?"

"बाबा, ती ते दुखणं भोगून राहिली. तिले जे ठाऊक आहे ते डॉक्टरले..."

शेखर मधेच थांबला. त्या बाईला घ्यावं म्हणून संस्थेत सगळ्यांत जास्त भांडला होता तो हाच. ती आली आणि तिने पहिल्याच फेरीत सांगितलं, औषधाचं नंतर बोला, आधी आम्ही नाटक करतो असं समजणं बंद करा. डॉक्टरांच्या यादीत हा मुद्दाच नव्हता. आणि घरी मात्र यानं बापाला वगळलं. वर पहिली मोकळी फेरी, जिच्यात लोकांना आपल्या मनानं काय ते लिहू देतात, तीच खाऊन टाकली आणि थेट हो-नाही विचारलं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर शेखरने त्याला महिनाभर सोललं असतं.

"पापा, आपका स्टडी तो रिजेक्ट हो गया," गंधाली म्हणाली.

त्याने निकाल मागे घेतला. आता तज्ज्ञ सहा, आणि प्रश्न मोकळा: बाबांच्या स्कूटरबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे ते लिहा.

नावं झाकून उत्तरं सगळ्यांना दाखवली. कोणाला रात्री झोप लागत नाही, कोणाला वाटतं चूक रस्त्याची आहे. स्कूटर बंद झाली तर मी घरात बसून तुमचीच डोकी खाईन, अशी धमकीही एकात होती. ती कोणाची हे ओळखायला डेल्फी लागत नव्हती. आणि एक उत्तर असं: "यांची मान कधीची आखडली. उजवीकडे वळत नाही. सोबत गेली की मी मागे बसून पाहते, रस्ता मोकळा असला की खांद्यावर टिचकी मारते, मंग हे वळवतात. एकटे जातात तेव्हा देवावर हवाला. पडले त्या दिवशी मी नव्हती."

हे काकूंनी या वेळी नातीच्या कानात सांगितलं होतं; तोवर घरात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी पेपर तोंडापुढे धरला. तो उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

उत्तरांतूनच मग नवं विधान निघालं: बाबांनी स्कूटर चालवावी, पण आई मागे असेल तरच. सहातले पाच हो म्हणाले. काका तर सगळ्यांत आधी. त्र्याऐंशी टक्के! शेखर खूश, अनुश्री खूश, राधिकाने बिलासपूरहून हार्ट पाठवले.

"नाही" म्हणणारं मत एकच, आणि त्याचं कारण ओट्यावरून पुन्हा सगळ्या कॉलनीने ऐकलं होतं.

"लिही. मले रोज बूढ़ापाऱ्यात जाऊन यांचं हारणं पाहत बसायचं नाही. माही कामं आहेत, माही भिशी आहे. तुमचं एकमत झालं, बसायचं कोणाले आहे? मले."

शेखर रात्रभर छताकडे पाहत होता म्हणतात. नेमाप्रमाणे एकमत झालं होतं. पण सगळा निर्णय ज्या एका माणसाच्या खांद्यावर उभा, तोच माणूस विरोधात. पंच्याहत्तर टक्क्यांत याला जागा कुठे? ऑफिसात असं मत अहवालाच्या शेवटी "मतभेद" म्हणून नोंदवतात आणि अहवाल पुढे जातो. इथे अहवाल स्वयंपाकघरात उभा होता आणि त्याला पुढे जायचं नव्हतं.

सकाळी तो वडिलांच्या खोलीत गेला. "बाबा, एकमत तर झालं, पण मी लागू करू शकत नाही."

"मले ठाऊक आहे," काका म्हणाले. "तुही माय नाही म्हणते म्हणजे नाही."

त्यांनी उशाखालची किल्ली काढली, स्वयंपाकघरात गेले आणि विजयाकाकूंसमोर ओट्यावर ठेवली.

"तुले जेव्हा कुठं जायचं असंल तेव्हा दे. मी नेईन. एरवी मागणार नाही."

काकूंनी पोळी उलटली. "रविवारी मले मंदिरात जायचं आहे."

"मंग रविवारी."

"आणि बुद्धिबळ?"

"ई-रिक्षा मेल्या काय रायपुरातल्या?"

किल्ली काकूंनी मसाल्याच्या डब्यामागे सरकवली. काका टोपी घालून फाटकाबाहेर पडले. चेहरा असा, जणू कोणी गाडीची हिरवी झेंडी हातातून काढून घेतली. शेखर त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेला.

"बाबा, मी सोडून देऊ काय गाडीनं?"

"नको. ऑफिसात जा," रिक्षाला हात करत काका म्हणाले. "तिकडे लोकं खोळंबली असतील तुही, मत द्यायले."