काकाने सांभाळलेले टायर

आमचा काका म्हणजे डोक्याला ताप. त्याने मोटारसायकल घेतली तेव्हा शोरूमवाला म्हणाला होता, "सांभाळून चालवलीत तर कंपनीचे टायर खूप टिकतील." काकाने ते इतके सांभाळले, की गाडी चालवणंच सोडून दिलं. कामावर तो बसने जायचा. सुट्टीच्या दिवशी गाडी स्टँडवर लावून हेल्मेट घालायचा आणि काकूला मागे बसवून जागच्या जागी फेरी मारून आणायचा.

शेवटी टायरवाल्याने कपाळावर हात मारला. "नक्षी नवीकोरी आहे हो, पण रबर उभ्या उभ्या वाळलंय. भेगा बघा. बदला."

काकाने बाजार पालथा घालून सगळ्यात टिकाऊ जोडी आणली आणि काकूचे कपडे बाहेर काढून कपाटात ठेवली. म्हणाला, "आधी जुने झिजू देत."

"स्टँडवर?" काकू कडाडली. तिने किल्ली उचलली. "मीच झिजवून आणते!" म्हणाली आणि गाडी काढून थेट माहेरी गेली.

काका तेव्हापासून खांद्यांना नवे टायर अडकवून फाटकाशी उभा आहे. मला म्हणतो, "तिचं माहेर लांब आहे, ते एक बरं. परत येईपर्यंत नक्की झिजतील."

परत येईपर्यंत म्हणे!