आपल्या तोंडानं

आमच्या बाई जिल्हा परिषदेच्या सदस्य होत्या, आणि कचेरीत गेल्या की तोंड उघडत नसत. कोणाचं काम घेऊन तहसीलमध्ये गेल्या की त्या माणसालाच साहेबांसमोरच्या खुर्चीवर बसवायच्या, स्वतः भिंतीलगतच्या बाकावर बसायच्या आणि म्हणायच्या, "सांग आता. आपल्या तोंडानं सांग. मी बसली आहो नं इथं." माणूस चाचरायचा, मूळ गोष्ट सोडून भलतंच सांगत बसायचा, एखादी बाई रडायलाच लागायची. साहेब वैतागून बाईंकडे पाहायचे. बाई खिडकीतून बाहेर पाहायच्या. शेवटी त्या माणसालाच डोळे पुसून पुन्हा सुरुवात करावी लागायची.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, कौसल्याबाई. माहेर कळंबजवळच्या एका खेड्यातलं, शिक्षण सातवीपर्यंत. मी यवतमाळ शहरातली, बी.कॉम. आर्णीपासून थोड्या अंतरावरच्या आमच्या गावात त्या वेळी पदवीधर सून मी एकटीच होते. पेरणीला किती लागलं, वेचाईला किती गेलं, क्विंटलमागे काय सुटलं, हे घरात मलाच विचारलं जायचं. म्हणून जिल्हा परिषदेची आमची जागा स्त्रियांसाठी राखीव झाली आणि पक्षाचे तालुकाध्यक्ष सासऱ्यांकडे आले, तेव्हा मला वाटलं की नाव माझंच निघणार. सासऱ्यांना आम्ही सगळे आबाजी म्हणायचो. त्यांनी पान लावता लावता सांगितलं, "मोठी सून उभी राहीन." विषय संपला. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. मोठी असताना धाकटीचं नाव घेता येत नाही, ही आमच्याकडची रीत मला ठाऊक होती. रीत पटली म्हणून हेवा वाटत नाही, असं काही नसतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, बोंडअळीने बोंडं पोखरलेली, आणि दर काही दिवसांनी कुठल्या तरी गावातून कोणी शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी. मोठमोठ्या गाड्या येत, पुढारी फोटो काढून घेत, गाड्या परत जात. बाई अशा घरी लगेच जात नसत. लोक त्यांना नावं ठेवायचे, मीही ठेवली. त्या जायच्या वेचणीच्या दिवसांत. त्या घरची बाई शेतात दिसली की कमरेला ओटी बांधून तिच्या शेजारच्या तासाला, म्हणजे ओळीला, लागायच्या आणि दुपारपर्यंत कापूस वेचायच्या. मी एकदा विचारलं की सदस्य झाल्यावर हे कशाला. म्हणाल्या, "हात चालू असला का बाईले बोलता येते. समोर बसवलं का ते नुसती रडते."

गावात सरकारी कापूस खरेदीचं केंद्र होतं. कापूस भरलेल्या बैलबंड्या तिथे ओळीने उभ्या राहत, कित्येकदा मुक्कामाला. सावली नाही, पाणी नाही, ओळ मोडणारे दलाल मात्र हजर. ते केंद्र तालुक्याला हलवायचं ठरू लागलं तेव्हा मी एक निवेदन लिहिलं. कोणत्या गावाहून किती बंड्या येतात, वाहतुकीचा खर्च किती वाढेल, सगळं त्यात होतं. अजूनही म्हणते, त्यात एक आकडा चुकीचा नव्हता. बाईंनी ते ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनाच केंद्रावर बोलावून आणलं. तिथे प्रत्येक बंडीवाल्यापुढे उभं करून त्यांना सांगितलं, "हे काय म्हणतेत ते आयका." उन्हात ओळ संपेपर्यंत त्या साहेबांना ऐकावं लागलं. केंद्र राहिलं. पुढे शेड झाली, टाकी बसली. लोक म्हणाले, कौसल्याबाईनं केलं. माझं निवेदन फायलीला जोडलं होतं, एवढं मला माहीत आहे.

पांढरकवड्याकडच्या जंगलात एक कोलाम पोड होता, म्हणजे कोलाम लोकांची वस्ती. तिथल्या हातपंपाचं कामही असंच झालं. तो भाग बाईंच्या मतदारसंघात येतही नव्हता. आबाजी म्हणाले, तिथं आपलं एक मत नाही. बाई म्हणाल्या, "तहान लागाले मत लागत नाही, आबाजी." सासऱ्यांना असं उत्तर मी दिलं असतं तर घरात दोन दिवस अबोला झाला असता. बाईंना ते हसले.

मग दिल्लीचं निघालं. बाहेरच्या देशातून स्वस्त कापूस येत होता आणि इकडचा घरात पडून होता. आयातीवर कर वाढवा आणि हमीभाव द्या, हे सांगायला विदर्भातल्या बायकांचं एक शिष्टमंडळ जाणार होतं. बाई मला म्हणाल्या, "सुधा, तू चाल. तुले हिंदी येते, हिशोब येते." मी पंधरवडा खपून उत्पादनखर्चाचा तक्ता केला. गाडीत पाठ केला. मला खात्री होती की तिथे तरी मीच बोलणार, कारण तिथे वेचायला कापूस नव्हता.

आमच्याबरोबर सुमन होती. गावचीच, दोन एकरांच्या कोरडवाहू शेतात राबणारी, नवऱ्यामागे घर एकटीने चालवणारी. तिने यवतमाळसुद्धा नीट पाहिलेलं नव्हतं. मोठ्या साहेबांच्या खोलीत आम्ही बसलो. मी कागद सरळ केले, घसा साफ केला. बाई म्हणाल्या, "सुमन, बोल."

सुमन आधी घाबरली. मग म्हणाली, "साहेब, घरी भाकर शिळी होऊन राह्यली असंन तं आमी शेजारी पीठ मांगाले जात नाही. तुमी काहून जाता?"

साहेबांना कळलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याचं हिंदी केलं. साहेब थोडं हसले, मग हसायचे थांबले, आणि त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. सुमन अर्धा तास बोलली आणि मी अर्धा तास दुभाषी होते. तक्ता मी निघताना त्यांच्या टेबलावर ठेवला. परत आलो तेव्हा सुमनचं वाक्य वर्तमानपत्रात छापून आलं होतं, खाली बाईंचं नाव होतं. आयात काही थांबली नाही. त्या साली भावही सुधारला नाही. हे मी बाईंना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाही झालं. पन आता सुमनले ग्रामसेवक अरेतुरे करत नाही." मला ते उत्तर वाटलं नाही. आजही पुरतं वाटत नाही.

पाच वर्षं संपली. जागा पुन्हा स्त्रियांसाठीच राहिली आणि बाईंनी सांगून टाकलं की आता उभं राहणार नाही, पोटाचं दुखणं वाढलंय. आबाजी तोवर अंथरुणाला खिळले होते, त्यामुळे शब्द बाईंचाच चालणार होता. माझ्या नवऱ्याने आदल्या दिवशी मला सांगितलं, "आता तुहीच पाळी." तालुकाध्यक्ष आले, ओसरी भरली. मी इस्त्रीचं लुगडं नेसून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि दाराशी उभी राहिले. तालुकाध्यक्षांनी विचारलं, "बाई, मग कोणाचं नाव द्यायचं?"

बाई म्हणाल्या, "मी कायले सांगू? जिले पायजे तिनं आपल्या तोंडानं मांगावं."

मी कपबशांकडे पाहत होते. माझा नवरा माझ्याकडे पाहत होता. भरल्या बैठकीत, पुरुषांसमोर, मला द्या म्हणायचं? ज्या घरात मी वाढले तिथे मुली जेवताना दुसरी पोळीसुद्धा मागत नसत, आई वाढेल म्हणून थांबत. मीही थांबले. मोठ्या जावेने एकदा म्हणावं, आमची सुधा आहे, एवढीच माझी अपेक्षा होती. वाक्य माझ्या ओठांशी होतं आणि ते दुसऱ्याने उच्चारायची मी वाट पाहत होते.

अंगणात बायकांत बसलेली सुमन उठली. "मले पायजे," म्हणाली. मग पदर सारखा करून पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणाली.

सुमन उभी राहिली आणि थोड्या मतांनी का होईना, निवडून आली. तिच्या विजयाच्या मिरवणुकीत मी गुलाल लावून घेतला आणि घरी येऊन बाईंशी कामापुरतंच बोलू लागले. त्यांनी मला सर्वांसमोर पाडलं, असंच मी धरून चालले. त्यांना ते कळत होतं. त्यांनी कधी विषय काढला नाही.

काढला तो यवतमाळच्या दवाखान्यात. मी त्यांच्याजवळ दुपारची राहत असे. एका दुपारी मी मोसंबी सोलत होते आणि त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "काहून वं सुधा, त्या दिशी बोलली काहून नाही? म्या तं तुह्यासाठीच थांबली होती."

मी म्हटलं, "तुम्ही नाव घ्यायला हवं होतं. आबाजींनी तुमचं घेतलं तसं."

"आबाजीनं?" त्यांना हसू आलं आणि पोट दुखलं म्हणून त्या थांबल्या. "आबाजी तं तुहंच नाव सांगनार होते. शिकली हाय म्हने. म्या आदल्या दिशी त्याईले चहा देल्ला आन म्हनलं, आबाजी, मले उभं राहाचं हाय. ते पायतच राह्यले. मंग म्हने, बरं."

माझ्या हातातली मोसंबी तशीच राहिली. इतकी वर्षं मी रीतीचा राग केला होता, आणि तिथे रीत नव्हतीच. एका बाईने चहा देताना एक वाक्य म्हटलं होतं. मी त्यांना विचारलं की माझं नाव निघणार हे ठाऊक असूनही त्यांनी मागितलं का. त्या म्हणाल्या, "हो. मले पायजे होतं." त्यात माफी नव्हती आणि मलाही ती त्यांच्याकडून हवीशी वाटली नाही. मी मोसंबीच्या फोडी वाटीत काढून त्यांच्या हातात दिल्या. पुढच्या महिन्यात त्या गेल्या.

त्यांच्या वर्षश्राद्धानंतर बाजार समितीची निवडणूक लागली. त्यात स्त्रियांची जागा होती. तालुकाध्यक्ष आमच्याकडे आले, आणि माझा नवरा म्हणू लागला की विचारून सांगतो. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, हात ओलेच होते. म्हटलं, "मला पाहिजे." आवाज चिरका निघाला. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातलं काहीतरी विकायला काढलं होतं. तालुकाध्यक्षांनी नाव लिहून घेतलं.

जागा मला मिळाली नाही. पलीकडच्या गावातल्या एका बाईंनी माझ्या आधी, सकाळीच जाऊन मागितली होती.