पडद्यावरचं वावर

बातमी आली तेव्हा मी सावंगीला ड्युटीवर होतो. "काका गेले," एवढंच धाकटा भाऊ फोनवर बोलला. अल्लीपूरच्या चौकातलं काकांचं किराणा दुकान सगळ्या गावाला ठाऊक, दुकानामागच्या खोलीतलं त्यांचं वावर मात्र आम्हा घरच्यांनाच. नावावर वीतभर जमीन नसलेले काका कॉम्प्युटरवरच्या शेतीच्या गेममध्ये वर्षानुवर्षं नांगरत, पेरत होते, आणि तेही अगदी गंभीरपणे... एकदा तो गेम मला द्यायचा म्हणून पेनड्राइव्ह घेऊन ते सावंगीला आले. बघतो तर त्यात नुसता आयकॉन! "अबे, अख्खं वावर आणलं मी. तुह्याकडं काऊन उघडून नाई राह्यलं?" मी पोट धरून हसलो. समजावून सांगितल्यावर तेही हसले. "म्हणजे दुकानाची पाटी आणली, माल तिथंच राह्यला!"

पोळ्याला मात्र ते खेळत नसत. गेम उघडून ट्रॅक्टर अंगणात उभा करायचे आणि काकू स्क्रीनच्या काचेवर त्याला कुंकू लावायची. "वर्षभर राबते बिचारा. त्यालेही एक दिवस सुट्टी पायजे," काका म्हणायचे.

ते गेल्यावर जुना कॉम्प्युटर मधेच बंद पडू लागला. काकूला एकच घोर. "बाकी काई नको मले. त्यायचं वावर तेवढं वाचव." मी नवा कॉम्प्युटर घेऊन गेलो, गेम टाकला, सुरू केला... समोर ओसाड जमीन. काकू दाराची चौकट धरून उभी राहिली. मीही पाटीच आणली होती की! काकांनी केलेली शेती वेगळ्या फोल्डरमध्ये होती. जुना कॉम्प्युटर कसाबसा चालू झाला, ते फोल्डर नव्यावर घेतलं आणि गेम पुन्हा उघडला.

मी बघतच राहिलो. नजर पोचेल तिथवर कापणी झालेला गहू, सुतासारख्या सरळ ओळी, आणि बांधालगत एक ओळ तशीच उभी सोडलेली.

"ते पाखरायसाठी," काकू म्हणाली.

त्या गेममध्ये पाखरं दाणे टिपत नाहीत. काकांना ते पक्कं ठाऊक होतं, तरी सोडली होती. एवढ्या वर्षांत हा माणूस मला अर्धाही कळला नव्हता.

ट्रॅक्टर चालतो का बघावं म्हणून मी माऊसकडे हात नेला.

"राहू दे," काकू म्हणाली. ती कुंकवाचा करंडा घेऊन आली होती. नव्या काचेवर, ट्रॅक्टरच्या कपाळावर तिनं बोट टेकवलं. "आज पोळा हाय. त्याले सुट्टी हाय आज."