सर सांगतील

माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'मानसशास्त्र सहायक' असं ठळक लिहिलंय आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'पर्यवेक्षणाखाली'. ते बारीक अक्षर जुन्नरच्या आमच्या दवाखान्यात आजवर कोणी वाचलेलं नाही. लोक मला मॅडम म्हणतात, एखादी म्हातारी सरळ डॉक्टरीणबाई म्हणते. खुर्ची माझी, टेबल माझं, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. सही तेवढी माझी नाही.

सही सरांची. सर मानसशास्त्रज्ञ, पुण्याहून दर गुरुवारी येतात, म्हणजे यायचं ठरलेलं आहे. मी माणसांना नाव-गाव, घरदार, दुखणंखुपणं विचारून लिहून घ्यायचं, मुलांच्या चाचण्या घ्यायच्या, गुण मोजायचे, अहवालाचा कच्चा मसुदा करून ठेवायचा. निदान करायचं नाही, निकाल सांगायचा नाही, स्वतःच्या मनाने सल्ला द्यायचा नाही. माझी सासू वारूळवाडीत चारचौघींत म्हणते, "एवढी शिकली, पण हिला सांगायचा अधिकार न्हाई." मी ऐकून घेते, कारण ते खरं आहे.

आणि नियम वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. पहिल्याच वर्षी घोडेगावच्या शिबिरात एका बाईला मी फुशारकीने सांगून बसले, तुमचा मुलगा अगदी ठीक आहे, काळजी करू नका. तो ठीक नव्हता. सरांनी मला सगळ्यांसमोर झापलं. म्हणाले, "ज्याची सही तुमची नाही, ते वाक्यही तुमचं नाही." बरोबरच बोलले. पण लोकांसमोर बोलले, ते मला झोंबलं. त्या दिवसापासून मी दोन शब्द पाठ केले. कोणीही काहीही विचारलं की, सर सांगतील.

ती मुलगी आली ती दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. नऊ-दहा वर्षांची, तेल चोपडून घट्ट वेणी घातलेली. आई-बाप मेंढरं राखणारे. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, हलवायचा, घाट उतरून कोकणात जायचं, पावसाच्या आधी परत यायचं. या फिरण्यात पोरीच्या तीन शाळा झाल्या होत्या. आताच्या शाळेतल्या गुरुजींनी लिहून दिलं होतं की मुलीला काही येत नाही, बोलत नाही, तपासून आणा.

आईने मला सगळं एका दमात सांगितलं. "हिची मावशी हाय जुन्नरात. ती म्हणती, ठेवा माझ्याकडं, शाळेत घालते. हिचा बाप म्हणतो, डोस्क्यात काय असंल तर ठिवू, नसंल तर कशाला मावशीच्या गळ्यात, संगं नेऊ. तेवढं बघा."

मी बघितलं. मुलीला अक्षर वाचता येत नव्हतं, ते खरंच. पण मी तिच्यासमोर लाल-पांढरे ठोकळे ठेवले आणि चित्रातल्यासारखी नक्षी लाव म्हटलं, तेव्हा तिने एकदा चित्राकडे बघितलं आणि तिचे हात चालायला लागले. सोपी झाली, अवघड झाली, शेवटची, जिथे मोठमोठी पोरं अडतात, तीही झाली. घड्याळात वेळ उरला होता. प्रत्येक नक्षी पुरी झाली की ती ठोकळ्यांवरचा हात न काढता माझ्या तोंडाकडे बघायची. चाचणीत बरोबर-चूक कळू द्यायचं नसतं. मी तोंड कोरं ठेवलं. हे काम मला फार छान जमतं.

गुण मोजले तेव्हा मी दोनदा बेरीज केली. पोरगी हुशार होती. नुसती बरी नव्हे, लई हुशार. शाळाच कधी सलग मिळाली नव्हती, दुसरं काही नाही. मी मसुद्यात तसं लिहिलं आणि गुरुवारची वाट बघत बसले.

त्या गुरुवारी सरांचं कुठे तरी व्याख्यान होतं. पुढचा गुरुवार दिवाळीत गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी नवरा-बायको सकाळी दहालाच येऊन बाकड्यावर बसले, मुलीला घेऊन. शनिवारी त्यांचा वाडा हलणार होता. अकरा वाजता सरांचा मेसेज आला, आज जमत नाही. मी फोन लावला, सगळं सांगितलं, हे लोक परवा चाललेत म्हटलं. सर म्हणाले, "अहवाल वाचल्याशिवाय मी काही बोलत नाही आणि फोनवर तर नाहीच. पुढच्या गुरुवारी बोलवा." शनिवारी निघणाऱ्या माणसांना पुढच्या गुरुवारी बोलवा. माझं डोकंच फिरलं. पण त्या रागाचं मी काय केलं? तो राग घेऊन बाहेर आले आणि त्या माणसांसमोर तोंड कोरं केलं.

आई म्हणाली, "ताई, कागुद नगं आमाला. हाय का न्हाई, येवढंच सांगा."

"सर सांगतील," मी म्हणाले.

"तुमीच बसला व्हता ना हिच्यासंगं?"

"हो, पण सर सांगतील."

बाप माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, टोपी सारखी केली, आणि बायकोला म्हणाला, "चल." मुलगी दारात थांबून वळली आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघितलं. मी कपाटाची किल्ली शोधत असल्यासारखं केलं.

सही झाली तीन आठवड्यांनी. सरांनी माझ्या मसुद्यातला एक शब्द बदलला. बुद्धिमत्ता सरासरीपेक्षा बरीच वरची, मुलीला एका जागी नियमित शाळा मिळणे गरजेचे. मी त्या बापाचा नंबर लावला. लागला नाही. महिनाभर लावत होते. मावशीचा पत्ता मी विचारूनच घेतला नव्हता, माहिती विचारून लिहून घ्यायचं काम माझं असून.

मे महिन्याच्या शेवटी वाडा परत आल्याचं कळलं, तेव्हा मी अहवाल घेऊन एसटीने त्यांच्या गावी गेले. माळावर जाळी लावून मेंढरं कोंडली होती. मी बापाला अहवाल वाचून दाखवला. एकदा वाचला, मग सोपा करून सांगितला.

बाप म्हणाला, "ताई, बाजारात गिऱ्हाईक मेंढराच्या पाठीवर हात दाबून बघतं. पसंत असलं तर तिथंच खोट काढून भाव पाडतं, दात बघतं, पाय बघतं. आन पसंत न्हाई पडलं तर काय बोलत न्हाई, हात काढतं आन फुडं जातं. तुमी काय बोलला न्हाई. आमी समजलो."

मी म्हणाले, मला सांगायचा अधिकार नव्हता. तो "व्हय" म्हणाला. माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं.

कारण मी अर्धवट बोलत होते, आणि ते मला माहीत होतं. निकाल सांगायचा अधिकार नव्हता, कबूल. पण "निकाल अजून यायचाय, माझ्या न बोलण्याचा 'नाही' असा अर्थ काढू नका," एवढं म्हणायला मला कोणी अडवलं होतं? तास-दीड तास जागची हलली नाही, मन लावून बसली, हे डोळ्यांनी बघितलेलं सांगायला कुठे सही लागते? मला सरांवर राग होता, घोडेगावचा अपमान अजून जिरला नव्हता, आणि म्हटलं, घ्या, पाळते तुमचा नियम. तो राग मी त्या पोरीच्या जिवावर काढला.

आता तरी जूनमध्ये शाळेत घाला, मी आईला म्हणाले. आई म्हणाली, "तीच न्हाई म्हणती. म्हणती, मला डोस्कं न्हाई."

मुलगी जाळीपाशी एका कोकराला धरून उभी होती. अंगाने वाढली होती. मी जवळ गेले तर तिने मला लगेच ओळखलं.

"ते ठोकळं," ती म्हणाली. त्या दिवशी तास-दीड तासात ती माझ्याशी एवढंही बोलली नव्हती. "ते मला बराबर लागलं व्हतं का?"

खोटं कशाला बोलू, 'सर' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता.

"सगळे बरोबर होते," मी म्हणाले. "एकही चुकला नव्हता."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, तशीच, त्या दिवशी बघायची तशी. मग म्हणाली, "उगं म्हणताय," आणि कोकरू घेऊन जाळीच्या आत गेली.