फिल्टर वाढले

विनायक दामल्यांच्या तोंडून 'संपलं' हा शब्द कधी कोणी ऐकला नाही. घरातला तांदळाचा डबा रिकामा झाला तरी ते म्हणत, "तांदूळ वाढले." संपलं म्हटलं की लक्ष्मी पाठ फिरवते, असं आईने लहानपणी दटावून सांगितलं होतं. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला येऊन उभा जन्म गेला, पण जीभ काही सरकारी झाली नाही. निवृत्त झाल्यावर ते फरीदाबादच्या एका धर्मादाय डायलिसिस केंद्राचं स्टोअर सांभाळू लागले. पगार नावापुरता. पण बायकोला, चंद्रप्रभेला, तिथेच मशीनवर घ्यावं लागायचं, मग घरी बसून माशा मारण्यात काय अर्थ?

मशीनला लागणारं पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचे फिल्टर संपत आले होते आणि त्यांची मागणी दिल्लीच्या मुख्य कार्यालयात पडून होती. विनायकरावांनी तिथल्या केतकीला फोन लावला. केतकी जन्माने दिल्लीकर, घराने मराठी. तिच्याशी दोन शब्द मराठीत बोलायला मिळतात याचं म्हाताऱ्याला कोण अप्रूप! समोर बाकावर चंद्रप्रभा आणि आणखी काही पेशंट बसले होते. आजारी माणसांसमोर अभद्र कशाला बोला?

"केतकी, अगं, इथले फिल्टर वाढलेत बरं का. त्या मागणीचं तेवढं बघ."

"अच्छा? चलो, बरं झालं काका! बघते मी, बिल्कुल."

यात बरं काय झालं, असं त्यांच्या मनात आलं खरं. पण दिल्लीची पोरं, बोलतात काहीतरी, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

माल येईना. पुन्हा फोन करावा तर पोरीमागे तगादा लावल्यासारखं होईल, म्हणून गप्प बसले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. शेवटचे फिल्टरही तुंबायला लागले, तेव्हा कुठे त्यांनी केतकीला पुन्हा फोन लावला.

"काका, तुम्हीच म्हणालात ना, वाढलेत म्हणून? म्हणजे जास्त झालेत ना? मी तर ऑर्डर कॅन्सल केली!"

विनायकरावांच्या तेव्हा ध्यानात आलं. पोरीवर काय रागावणार? राग आला तो स्वतःच्या जिभेचा. केतकीने लगोलग नवी ऑर्डर घातली, पण माल यायला वेळ होता. ते ओळखीच्या इस्पितळांत उसने फिल्टर मागत फिरले, आपल्याहून निम्म्या वयाच्या स्टोअरकीपरांपुढे हात जोडले. मिळाले ते निम्म्या मशीनपुरते.

डॉक्टरीणबाईंनी जास्त त्रास असलेले पेशंट आधी घेतले. शेवटी एक खाट उरली आणि माणसं दोन: चंद्रप्रभा, आणि बल्लभगढच्या कारखान्यात लेथवर काम करणारा रामसकल. "दोनों की हालत एक जैसी है. एक को कल बुला लीजिए, विनायकजी, आप ही देख लीजिए," असं म्हणून बाई आत गेल्या.

विनायकरावांनी फार विचार केला नाही.

"रामसकल, आप कल आ जाइए."

"कोई बात नहीं, अंकलजी. पहले चाचीजी का हो जाए," म्हणत तो सुजलेले पाय चपलेत कोंबून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फिल्टर आले, रामसकल आला नाही. पहाटे श्वास कोंडला, दवाखान्यात न्यायलाही सवड मिळाली नाही, असं त्याच्या खोलीतल्या सोबत्याने फोनवर सांगितलं.

पुढच्या पाळीला चंद्रप्रभेने खाटेवरून विचारलं, "तो बल्लभगढचा मुलगा दिसत नाही हो?"

विनायकरावांनी तिला सगळं सांगितलं. फोन, ऑर्डर, शेवटची खाट, काही लपवलं नाही.

"मग त्या दिवशी मला का घेतलंत?"

"तू माझी बायको आहेस म्हणून."

तिने तोंड भिंतीकडे केलं आणि मशीन बंद होईपर्यंत ते वळवलं नाही. बाहेर ऑटोत चढताना त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. दांडा धरून, धापा टाकत, ती एकटीच चढली.