शेवटची नोंद

नणंद-भावजयींचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि एक खिडकी. भावजय प्रोग्रॅम लिहायची, नणंद गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. भावजयीला सगळे कुलूपताईच म्हणत. पंधराव्या वर्षी थोरल्या भावाने तिची डायरी जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती. घर पोट धरून हसलं, ती भरल्या ताटावरून उठली. पुढे तिने संगणकावरच्या डायरीचं ॲपच बनवलं. लिहिलेलं सगळं आपल्याच संगणकावर, सांकेतिक रूपात. पासवर्ड विसरलात तर खुद्द कुलूपताईनेही हात टेकले!

एका सकाळी एक गृहस्थ लॅपटॉप छातीशी धरून आले.

"बायको गेली हो माझी. महिना झाला. रोज यात लिहायची. मुलं विचारतात, आई काय लिहून गेली? तेवढं उघडून द्या."

"आम्हालाही उघडता येत नाही," नणंद म्हणाली, पण त्यांचे डोळे भरलेले पाहून ती भावजयीकडे वळली. "वहिनी, खरंच काही नाही करता येणार?"

कुलूपताईने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. कारण करता येत होतं. चारच दिवसांपूर्वी तिला स्वतःची चूक सापडली होती. लिहिताना तयार होणारी कच्ची प्रत पुसलीच जात नव्हती, संगणकात उघडी पडून राहत होती. दुरुस्ती तयार होती, पण तपासणी उरकायची म्हणून लोकांना पाठवली नव्हती. दोन मिनिटांचं काम. पोरांना आईचे चार शब्द तरी मिळतील.

आवृत्ती कोणती ते बघायला तिने ॲप उघडलं. पासवर्डच्या चौकटीखाली बारीक अक्षरं होती : शेवटची नोंद, काल, दुपारी ४.१०.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. पासवर्डशिवाय नोंद होतच नाही, आणि पासवर्ड त्या बाईलाच ठाऊक.

"कधी गेल्या म्हणालात?"

"सांगितलं ना, महिना झाला!"

तिने झाकण मिटलं. "नाही उघडता येणार."

"तुम्हीच बनवलंय ना? मग?" आवाजातला ओलावा पार आटला होता. त्यांनी टेबलावर मूठ आपटली, तसा चहाचा कप लवंडला. नणंद फोन हातात घेऊन दाराशी जाऊन उभी राहिली.

"दादा, निघा आता. नाहीतर पोलिसांना फोन लावते."

ते गेले. लॅपटॉपही गेला.

दुपारच्या आत कुलूपताईने दुरुस्ती पाठवली, सोबत सगळ्यांना पत्र : चूक माझी आहे, लगेच दुरुस्ती घ्या. शेवटच्या नोंदीची ओळही तिने काढून टाकली. बायको कधी लिहिते, हे त्या ओळीवरून त्या माणसालाही कळत होतंच की.

"लोक सोडून जातील, वहिनी."

"जाऊ देत."

बरेच गेलेही. त्या बाईपर्यंत दुरुस्ती पोचली का, हे कळायला मात्र मार्ग नव्हता. ॲप कुणाचीच खबर देत नसे, तिनेच तसं बनवलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस फोनवर अनोळखी बाईचा आवाज आला, की ती काम थांबवून नणंदेच्या तोंडाकडे बघत राहायची.